चांगला पाळक टिकवायचा कसा

आमच्या मंडळीत रेव्हरंड रत्नाकर भिंगारदिव्यांवर सगळ्यांत जास्त जीव कोणाचा, असं विचारलं असतं तर कोणीही यल्लाप्पाअण्णांकडे बोट दाखवलं असतं. आणि त्यांच्याविरुद्ध सगळ्यांत जास्त तक्रारी कोणाच्या, असं विचारलं असतं तरी बोट तिथंच राहिलं असतं.

पन्नास-साठच्या दशकांतल्या बंगळूरात बेळगाव, खानापूर, निपाणीकडून कारखान्यांत आलेली मराठी ख्रिस्ती माणसं मूठभर होती. स्वतःचं चर्च नव्हतं. कँटोन्मेंटातल्या एका चर्चात सकाळी तमिळ उपासना व्हायची, संध्याकाळी कन्नड, आणि मधल्या वेळात, दुपारी तीन वाजता, पोटात जेवण जड झालेलं असताना, मराठी. आम्ही देवाला त्याच्या विश्रांतीच्या वेळी गाठत होतो, पण निदान आपल्या भाषेत गाठत होतो.

यल्लाप्पाअण्णा फिटर. राहायला के. आर. पुरमला. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण घरातली नावं बदलायची राहिली ती राहिलीच. बायकोचं नाव गंगव्वा. अण्णांचं मराठी बेळगावचं, त्यात कन्नड इतकं मुरलेलं की प्रार्थनेतसुद्धा ते देवाकडे ‘स्वल्प’ कृपा मागायचे. जास्त मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मंडळीला पाळक बेळगावची परिषद द्यायची. दर वर्षी परिषदेच्या आधी सुपरिंटेंडेंट अप्पासाहेब येत, उपासना झाली की पाळकांना शेजारी बसवून घेत आणि मंडळीला विचारत, काही तक्रार? पाळकांच्या समोरच विचारायचे, कारण पाठीमागे बोलणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. पाठीमागचं बोलणं आम्ही बसस्टॉपवर उरकून घेत असू.

पहिल्या पाळकांची आम्ही भरभरून स्तुती केली. बायकांनी डोळे पुसले. त्या पावसाळ्यात परिषदेनं त्यांना कोल्हापूरच्या मोठ्या मंडळीत नेलं. दुसऱ्यांची त्याहून जास्त स्तुती केली, ते मिरजेला गेले. त्यानंतर बराच काळ पाळकच मिळाला नाही. पोरं घरी प्रभूची प्रार्थना कन्नडातून म्हणू लागली, आणि उपासनेला येणारे इतके कमी झाले की तमिळ मंडळीनं दुपारची वेळ आपल्या संडे स्कूलसाठी मागायला सुरुवात केली.

त्याच सुमाराला भिंगारदिवे आले. नगरकडचे, किरकोळ अंगाचे. सायकलवरून हेब्बाळपासून के. आर. पुरमपर्यंत घरोघर जायचे. गंगव्वाला टायफॉइड झाला तेव्हा अण्णांची कारखान्यात पाळी असायची. पाळकसाहेब सकाळी येऊन नळावर बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभे राहायचे. वचन सांगायला आले होते, पाणी भरून गेले.

अण्णांनी त्याच आठवड्यात ठरवलं, हा माणूस कोल्हापूरला द्यायचा नाही. त्यांनी चार कर्त्या माणसांना घरी बोलावलं आणि समजावलं की आपण दर वर्षी उठून चांगला माल कुठं ठेवलाय ते सांगतो, मग मोठी मंडळी येऊन उचलते. यंदा स्तुती बंद. तक्रार करायची. पण तक्रार कारखान्यातल्या कामासारखी हवी, मापात. फार मोठी झाली तर परिषद माणूसच काढून घेईल, फार छोटी झाली तर बढती देईल. फिटरच्या पट्टीवरचं एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही.

माप ठरलं, पण तक्रार सापडेना. चहाची दोन आधणं झाली. शेवटी आतून गंगव्वा म्हणाली, “जेवत नाहीत नीट. अर्ध्या भाकरीवर हात धुतात.”

“हा काय दोष झाला?” अण्णा म्हणाले.

“रांधणारीला इचारा की.”

अखेर प्रवचन लांबतं यावर एकमत झालं. अप्पासाहेबांनी विचारल्यावर अण्णा उठले आणि म्हणाले, माणूस बरा आहे, पण प्रवचन आटपत नाही, पाळीवरून आलेली माणसं झोपतात. अप्पासाहेबांनी मान डोलावली. परिषदेनं ठरवलं, भिंगारदिव्यांना अजून थोडं शिकू द्या, बंगळूरलाच राहू द्या. आम्ही बसस्टॉपवर अण्णांचे हात हातात घेतले.

अडचण एवढीच झाली की भिंगारदिवे प्रामाणिक होते. पुढच्या रविवारपासून प्रवचन निम्म्यावर आलं. झोपणाऱ्यांची गैरसोय झाली. पुढच्या वर्षी अण्णांना नवा दोष काढावा लागला. गाताना सूर सोडतात, म्हणाले. पाळकसाहेबांनी जुनी बाजाची पेटी मिळवली आणि पहाटे रियाज सुरू केला. त्यानंतरच्या वर्षी अण्णा म्हणाले, पोरांशी फार मऊ वागतात. पाळकसाहेबांनी आरशासमोर उभं राहून कडक चेहरा करून पाहिला, असं पाळकीणबाईंनीच सांगितलं. तो चेहरा पाहून पोरं आणखी खूश झाली. अशी वर्षं गेली. अण्णा दोष काढायचे, पाळकसाहेब तो दुरुस्त करायचे. देवानं घडवताना राहून गेलेलं काम या दोघांनी मिळून पुरं करायला घेतलं होतं.

स्तुती तोंडावर येऊ नये म्हणून अण्णांनी ती हाताला लावली होती. पाळकसाहेबांच्या सायकलला दर शनिवारी तेल. दाराची कडी, खिडकीचे गज, चुलीची जाळी, सगळं अण्णांच्या हातचं. काम करताना मात्र तोंडानं कुरकूर चालूच, न जाणो कोणी अप्पासाहेबांना कळवलं तर.

मग एका वर्षी, अप्पासाहेब यायच्या थोडे दिवस आधी, पाळकीणबाई शालनताई गंगव्वाकडे येऊन रडल्या. साहेबांना झोप नाही. मी एवढं करूनही मंडळीचं समाधान होत नाही म्हणतात. या खेपेला स्वतःच अप्पासाहेबांना सांगणार आहेत, मला इथून हलवा, पाळकाचं कामच नको, एखाद्या शाळेत मास्तर करा.

संध्याकाळी गंगव्वानं नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि भाकरीबरोबर ही बातमीही वाढली. “तुमच्या सुतानं माणूस कापलासा,” ती म्हणाली.

अण्णा ताटावरून उठले ते थेट पाळकसाहेबांकडे. सगळं सांगितलं. प्रवचन लांबतं हे खोटं, सूर सुटतो हे खोटं... इथं ते जरा थांबले, कारण सूर खरंच सुटत होता. पुढे म्हणाले, तुम्ही जाऊ नये म्हणून आम्ही ही युक्ती केली. तुमच्यासारखा पाळक आम्ही पाहिला नाही.

पाळकसाहेब शांतपणे हसले. “अण्णा, तुम्ही मनानं फार चांगले. मी जाणार हे कळलं म्हणून माझं मन राखताय. पण जे खरं ते तुम्ही वर्षानुवर्षं माझ्या तोंडावर सांगितलंत, म्हणून तर मी तुम्हाला मानतो.”

अण्णांनी शपथ घेतली असती, पण शास्त्रात शपथ घेऊ नका असं आहे, आणि ते वचन याच पाळकांनी शिकवलं होतं. परत आल्यावर ते गंगव्वाला म्हणाले, घरात सांगून पटत नाही, आता अप्पासाहेबांसमोर सांगितलं तरच पटेल. आणि अप्पासाहेबांसमोर सांगितलं की कोल्हापूर.

“सांगणार?” तिनं विचारलं. अण्णांनी अर्धवट राहिलेलं ताट पुढे ओढलं.

अप्पासाहेब आले. उपासना झाली. त्यांनी नेहमीचं विचारलं, काही तक्रार? सगळी मंडळी सवयीनं अण्णांकडे वळली. पाळकसाहेबांनीही खाली मान घालून पेन्सिल काढली, या वर्षीचं टिपून घ्यायला.

अण्णा उठले. इतक्या वर्षांत ‘पण’ शिवाय वाक्य बोलायची सवय नव्हती, त्यामुळे घसा दोनदा साफ करावा लागला.

“तक्रार नाही, साहेब,” ते म्हणाले. “आजवर केलेल्या सगळ्या खोट्या. हा माणूस मोठ्या मंडळीच्या तोलाचा आहे हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून दडवून ठेवला. माझी बायको आजारी होती तवा ह्यांनी नळावर उभं राहून पाणी भरलं. हे मी तवाच सांगायचं, ते आज सांगतोय.”

मग एकेक जण उठत गेला. जमिनीत पुरून ठेवलेलं धन बाहेर काढावं तशी अनेक वर्षांची स्तुती त्या दुपारी निघाली. कन्नड मंडळी बाहेर ताटकळत उभी होती. त्यांना वाटलं, आत कोणी वारलं असावं. पाळकसाहेबांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. त्यांनी अप्पासाहेबांना सांगायचं योजलेलं काहीच सांगितलं नाही.

अप्पासाहेब म्हणजे परिषदेचाच माणूस. असा पाळक एवढ्याशा मंडळीत अडकवून ठेवणं बरोबर नाही, असं त्यांनी परिषदेत सांगितलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला भिंगारदिव्यांची नेमणूक कोल्हापूरला झाली. मास्तर म्हणून नाही, पाळक म्हणून.

बसस्टॉपवर एकानं अण्णांना टोमणा मारला, एवढी वर्षं राखलात आणि एका दुपारी देऊन टाकलात. अण्णा म्हणाले, “सरी, बरंच झालं. पाळकसाहेब रात्री झोपतात तरी आता.”

सामान बांधायला अर्थातच अण्णा गेले. पुस्तकं, भांडी, ती बाजाची पेटी, सगळं लाकडी खोक्यांत भरलं आणि स्वतःच्या हातानं खिळे मारले. एका खिळ्यानं भागलं असतं तिथं पाच मारले, वर लोखंडी पट्ट्या लावल्या. पाळकसाहेब म्हणाले, अण्णा, पुरे. अण्णा मारतच होते. कोल्हापूरला ती खोकी उघडेनात. पाळकांच्या घराचा नवा संसार तीन दिवस शेजाऱ्यांच्या भांड्यांवर चालला, आणि शेवटी सुताराला बोलावून फळ्या करवतीनं कापाव्या लागल्या.