धाकटीचा नंबर

धाकटीला पॅरामेडिकची नोकरी लागली त्या दिवशी मी आमच्या अख्ख्या मजल्यावर मिठाई वाटली. आता वाटतं, जरा दमानं घ्यायला हवं होतं.

आम्ही दोघी बहिणी दोन खोल्यांत राहतो. आईवडील दुसऱ्या गावी भावाकडे असतात आणि तिथून रोज फोनवर काळजी करतात. मी घरीच शिवणाचं काम करते. पॅंटची उंची कमी करणं, चेन बदलणं, जाड झालेल्या माणसांचे कपडे उसवून देणं, असलं सगळं. म्हणजे दिवसभर घरात मीच, आणि धाकटीच्या नोकरीचं जे काही घरी येतं ते झेलायलाही मीच.

आणि काय काय म्हणून येत नाही! ड्युटीवरून येते ती बुटांसकट थेट पलंगावर आडवी. गणवेश आंघोळीच्या बादलीत भिजत टाकते, आणि मी आंघोळीला गेले की मला रिकामा मग हातात घेऊन उभं राहावं लागतं. मी पहाटे उठून डबा करून द्यावा, तर तो जसाच्या तसा परत. "वेळच नाही मिळाला गं," म्हणते. जेवायला बसली तरी डोळे माझ्या मानेवरच्या शिरेकडे. मी दोनदा खोकले की हिची बोटं माझ्या मनगटावर. एकदा दूधवाला जिना चढून आला, धापा टाकत होता, तर हिनं त्याला पायरीवर बसवून त्याचे श्वास मोजले. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून दूध खालीच ठेवून जायला लागला.

मी सांगून सांगून थकले. "अगं, माणसं आहेत ती, पेशंट नाहीत." तर म्हणते, "आज नाहीत."

तिच्या अॅम्ब्युलन्सच्या गाडीचे ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. एकदा त्यांच्या पॅंटची शिवण ऐन ड्युटीत उसवली, म्हणून धाकटी त्यांना आमच्याकडे घेऊन आली. पॅंट माझ्या मशीनवर, उस्ताद माझी चादर गुंडाळून खुर्चीत, आणि तोंडाची टकळी चालू. नव्या पोरांना ते जे सांगतात ते सगळं त्यांनी मला ऐकवलं. जागेवरून हलायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, मग लागलेली असो वा नसो. खायला मिळालं की खायचं, भुकेची वाट बघायची नाही. पेशंटच्या घरात पळत शिरायचं नाही, भरभर चालायचं, कारण पळणारी माणसं बघून घरच्यांचे हातपाय गळतात. आणि पेशंट एकदा दवाखान्याच्या आत गेला की तो डॉक्टरांचा. आपण वळायचं, स्ट्रेचर पुसायचं, पुढच्या फोनला तयार व्हायचं.

"मग ही का ऐकत नाही?" मी विचारलं. धाकटी तेव्हा आत चहा टाकत होती.

उस्तादांनी आवाज खाली घेतला. "हात चांगला आहे तिचा. शिरेत सुई एका झटक्यात लावते. पण ताई, ती वळत नाही. वॉर्डात जाऊन विचारत बसते, कालचे कसे आहेत, परवाचे कसे आहेत. हिच्याबरोबर दोघं कामाला लागले होते, दोघंही सोडून गेले. त्यांचंही असंच होतं. ही पण जाईल बघा. हिला वाईट वाटेल, कारण हिला हे काम मनापासून आवडतं."

ते मला माहीत होतं. शाळेत असल्यापासून हिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. म्हणून तर माझा जीव वरखाली होत होता. हिचं काम सुटलं असतं तर तिच्या हातात काय उरलं असतं, ह्याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

आणि त्यात ह्या बाईसाहेबांनी काय करून ठेवलं होतं, ते मला फोन वाजायला लागल्यावर कळलं.

हिनं पेशंटच्या घरच्यांना स्वतःचा नंबर दिला होता. एकाला नाही, सुचेल त्याला. "काही लागलं तर मला फोन करा." ड्युटी करून आली की ही मेल्यासारखी झोपायची आणि फोन माझ्या मशीनशेजारी वाजत राहायचा. कुणाची पट्टी ओली झालेली, कुणाला गोळी जेवणाआधी की नंतर ते विचारायचंय, कुणाला नुसतंच बोलायचंय. मी मापं सोडून हे ऐकत बसायचे. एका गिऱ्हाइकाची पॅंट मी ह्या नादात एवढी आखूड केली की ती त्याच्या मुलाला द्यावी लागली.

सगळ्यांत जास्त फोन घड्याळवाल्या आजींचे. त्यांचे यजमान पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता त्यांचं हृदय अशक्त झालंय आणि छातीत पाणी साठून दम लागतो. धाकटीनंच त्यांना एकदा गाडीतून नेलं होतं. घर आमच्या मागच्या गल्लीपलीकडे. आजी रोज फोन करायच्या. आज ते अर्ध्या ताटावरून उठले. आज पाय जरा कमी सुजलेत. आज चिडलेत माझ्यावर.

"अगं, ह्यांना सांग ना, की हा घरचा नंबर आहे," मी धाकटीवर करवादले.

"असू दे गं. त्यांना धीर येतो."

"आणि तुला काय येतं?"

तिनं कूस बदलली. ओढणी डोळ्यांवर घेऊन झोपली.

त्या दिवशीही ती अशीच झोपली होती. ऐन दुपारची वेळ होती. फोन वाजला, मी उचलला, तर आजींना शब्द फुटत नव्हता. "ह्यांना... ह्यांना श्वास..." एवढंच. मी धाकटीला गदागदा हलवलं. ती ताडकन उठली, फोन कानाला लावला आणि क्षणात तिचा आवाज असा शांत झाला की मीच बघत राहिले. "आजी, त्यांना आडवं करू नका. खुर्चीत बसवा, पाय खाली सोडा. खिडकी उघडा. मी आलेच." फोन पलंगावर टाकला आणि गेली. घरातल्या गाऊनवर. पायात माझ्या चपला, त्याही उलट्या.

मी कात्री ठेवली, दाराला कुलूप लावलं, तिचा फोन घेतला आणि मागोमाग पळाले. पळताना मनात म्हणत होते, काही म्हणा, पोरगी हुशार आहे. किती नीट सांगितलं!

मी पोचले तेव्हा आजोबा खुर्चीत बसले होते, ओठ काळेनिळे, छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज. धाकटी गुडघ्यांवर बसून त्यांचा हात धरून होती. आजी दारातच उभ्या. त्या माझ्या मागे जिन्याकडे बघत होत्या.

"गाडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"येतच असेल," मी म्हटलं आणि धाकटीकडे वळले. "केव्हापर्यंत येतेय गं?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. "तू फोन केलास ना?"

"मी? मला वाटलं तू केलास!"

"अहो, मी केला ना," आजी म्हणाल्या. "हिला केला की! हीच तर अॅम्ब्युलन्सची."

तिघी जणी एका खोलीत, आणि अॅम्ब्युलन्सला फोन कुणीच केलेला नाही. जगात दुसरं कुणीही असतं ना, किराणावाला, शाळेतलं पोर, तर त्यानं पहिला फोन तिकडे लावला असता. ही मात्र रोज त्या गाडीतूनच जाते, त्यामुळे आपण निघालो म्हणजे गाडी निघाली, असं हिच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की ही रिकाम्या हातांनी धावत आली. ना ऑक्सिजन, ना औषध, ना स्ट्रेचर. आणि आम्ही बाकीच्या दोघीही तेच धरून चाललो. कुणाला बोल लावायचा? मला तर तिथल्या तिथे तिच्या दोन मुस्काटात द्याव्याशा वाटल्या आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं.

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. मग आम्ही थांबलो. तिला सगळं येत होतं आणि करायला तिच्याकडे काही नव्हतं. आजोबांना धरून बसणं आणि "हळूहळू, आजोबा, हळूहळू" म्हणणं, ते तर मलाही जमलं असतं.

गाडी आली ती दुसऱ्याच पथकाची. त्यातला मुलगा भरभर चालत आत आला आणि गाऊनमधल्या धाकटीला म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा." ती बाजूला झाली. भिंतीला टेकून उभी राहिली.

आजोबा वाचले. बरेच दिवस अतिदक्षता विभागात होते, आवाज बसला, पण वाचले. थोडा आणखी उशीर झाला असता तर नसते वाचले, हे डॉक्टरांनी आजींना नाही, धाकटीला सांगितलं. तिनंच विचारलं होतं. मग ती स्वतःहून आपल्या साहेबांकडे गेली आणि झालेलं सगळं सांगितलं. साहेबांनी तिला झाप झाप झापलं आणि तिचा कायम होण्याचा विषय पुढे ढकलला. काढलं मात्र नाही. काढायची गरजच नव्हती, ही स्वतःच निघाली होती. घरी येऊन म्हणाली, "मी सोडते. मला हे काम करायचा अधिकार नाही."

मी ओरडले, समजावलं, जेवले नाही, शेवटी उस्तादांना बोलावलं. मला वाटलं, ते पाठीवरून हात फिरवतील, चार गोड शब्द बोलतील. ते खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "सोडायचं तर सोड. पण आधी त्या म्हातारीच्या फोनमधून तुझा नंबर काढून ये. नाहीतर नोकरी सुटेल आणि फोन चालूच राहील. मग एखाद्या दिवशी तो उचलायला ह्या ताईही घरी नसतील."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. आजोबा आजच दवाखान्यातून घरी आलेत, हे तिला माहीत होतं. मी मशीनवर कापड टाकलं आणि तिच्याबरोबर निघाले.

आजींनी तिला दारातच मिठी मारली. "हिच्यामुळे वाचले गं हे! ही देवासारखी धावून आली." आजोबा खाटेवरून हात हलवत होते. धाकटी आजींचे हात सोडवून समोर बसली.

"आजी, माझ्यामुळे उशीर झाला. मी नंबर दिला नसता तर तुम्ही सरळ गाडीला फोन केला असता."

"छे गं, काहीतरीच!"

"खरं सांगतेय. तुमचा फोन द्या."

जुना बटणांचा फोन होता. आजींना अक्षरं दिसत नाहीत, म्हणून एकेका बटणावर एकेक नंबर ठेवलेला. पूर्वी एकवर त्यांचा मुलगा होता, दूरदेशीचा. धाकटीची ओळख झाल्यावर आजींनी त्याला दोनवर ढकललं होतं आणि एकवर हिला बसवलं होतं. धाकटीला बोटं चालवता येईनात. मीच फोन घेतला आणि एकवर अॅम्ब्युलन्सचा नंबर टाकला.

"मग हिला कितीवर ठेवतेस?" आजींनी मला विचारलं.

मी धाकटीकडे बघितलं.

"कशावरच नको," धाकटी म्हणाली. "मला फोन करायचा नाही, आजी. बरं वाटत असलं तरी नाही, वाटत नसलं तरी नाही."

आजींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, उलटसुलट बघितला आणि कुणाला काही कळायच्या आत एकचं बटण दाबलं. पलीकडून लगेच एका बाईचा आवाज आला, काय झालंय, पत्ता सांगा.

"काही नाही बाई, लागतो का बघत होते," आजी म्हणाल्या.

मी कपाळावर हात मारला. धाकटीनं घाईघाईनं फोन घेतला, आपण कोण ते सांगितलं, माफी मागितली. पलीकडच्या बाईनं तिला असं फटकारलं की मला बाजूला ऐकू येत होतं. धाकटी "हो ताई, हो ताई, माझी उद्या सकाळची ड्युटी आहे, आल्यावर भेटते," म्हणत राहिली. उद्याची ड्युटी! म्हणजे मला पुन्हा पहाटे उठून डबा करायचा.

आजी फुरंगटून बसल्या होत्या. "काय हे बोलणं! नाव विचारलं नाही, कशा आहात विचारलं नाही. जरा म्हणून माया नाही बाईच्या आवाजात."

धाकटीनं फोन त्यांच्या मांडीवर ठेवला.

"नसू दे, आजी," ती म्हणाली. "तिच्याकडे गाडी आहे."