नोंदवहीतल्या सहा सह्या

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय... आणि खरं सांगायचं तर हसत वाचतेय. मी गणिताची शिक्षिका. आमच्याकडे 'सिद्ध करा' असं लिहिलेलं असतं आणि सिद्ध होईपर्यंत मार्क मिळत नाहीत. माझ्या सासरच्या नात्यात एका बाईंच्या अंगात यायचं. मी त्यांना ऐन भरात सतराचा पाढा विचारला होता. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यामुळे पुढचं वाचून कुणाला वाटलं की ही बाई बनवून सांगतेय, तर मला राग येणार नाही.

मी एमएस्सी, बीएड. नऊ वर्षं धाराशिव जिल्ह्यात टेंपररी शिकवते. आधी जिल्ह्यातल्याच वाशीला सीनिअर कॉलेजवर तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरतेच तुम्ही प्राध्यापक. मग दोन शाळा, आणि आता ही तिसरी. प्लास्टिकच्या फाईलमध्ये माझ्या नेमणुकीच्या अकरा ऑर्डरी आहेत. नवरा चिडवतो, "तुझं टेंपररीपण तेवढं पर्मनंट आहे बघ." चिडवू दे. या नऊ वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठं कुठं आहेत हे सांगायला बसले तर हा लेख तिथंच संपेल. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

शाळा अणदूर-जळकोट हायवेवरून आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथंच नोकरी करायची आहे. पुढच्या इमारतीत ऑफिस आणि पाच वर्ग. मागं स्टेज, स्टेजच्या पाठीमागं एकटी पत्र्याची खोली, ती दहावी. खोलीच्या खिडकीतून ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी दिसते. खाली खांब, वर गोल टाकी.

आता 'ब्रेक' काय ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. टेंपररी माणसाची सेवा सलग दिसली तर तो उद्या कायम करा म्हणून कोर्टात जाईल, अशी संस्थांना भीती असते. म्हणून ऑर्डर संपली की मुद्दाम थोडे दिवस घरी बसवतात आणि मग नवी ऑर्डर देतात. आमच्याकडे आठ दिवस. त्या आठ दिवसांत तुम्ही शाळेत पाऊल ठेवायचं नाही, मग दहावीची परीक्षा तोंडावर का असेना.

मागच्या डिसेंबरात माझा ब्रेक आला तेव्हा त्रिकोणमिती राहिली होती. मला फार लागलं. कारण त्या धड्यासाठी मी एक तयारी केली होती. रोजच्या पाठाची नोंद शिक्षक ज्या वहीत करतो, तिला आम्ही टाचण म्हणतो. त्या टाचणात मी लिहिलं होतं — पुस्तकातलं दीपस्तंभाचं उदाहरण नको, पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. पाण्याची टाकी घ्यायची. कंपासमधल्या कोनमापकाला दोरा आणि खडा बांधायचा, टाकीचा माथा पंचेचाळीस अंशात दिसेपर्यंत मागं सरकायचं आणि मग जमिनीवरचं अंतर मोजायचं. जेवढं अंतर, तेवढी उंची. चढायची गरज नाही. खाली अंदाजे आकडा धरून सोडवलेलं एक उदाहरणही होतं : अंतर चाळीस फूट, म्हणून उंची चाळीस फूट. हे सगळं मी रविवारी रात्री घरी लिहिलं, कुणाला दाखवलं नाही, आणि वही बॅगेत टाकून सोमवारी पहाटेच्या एसटीनं लातूरला गेले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. भावाकडे सोमवार ते शनिवार राहिले.

त्या सहा दिवसांत नवल म्हणावं असं काही घडलं नाही. आईला ड्रॉप टाकणं, दवाखान्यात रोज तपासणीला नेणं, चहा, पेपर. एवढंच, की संध्याकाळ झाली की माझा घसा बसायचा. रोज. आई डोळ्यावरच्या पट्टीआडून म्हणाली, "दिवसभर कुणाशी भांडतीस गं? माझ्याशी तर दोन शब्द बोलत न्हाईस."

मी म्हटलं, हवा बदलली असेल.

पुढच्या सोमवारी शाळेत आले. हेडसर म्हणाले, ऑर्डरवर उद्या सेक्रेटरींची सही होईल, तुम्ही तास सुरू करा. मी दहावीवर गेले, फळ्यावर 'त्रिकोणमिती' लिहिलं आणि वर्ग हसायला लागला.

"मॅडम, झाला की ह्यो धडा," मॉनिटर म्हणाली. तिचं नाव महादेवी. घरी कानडी बोलणारी, शाळेत मराठी, आणि गणितात दोन्हीपेक्षा हुशार.

"कुणी घेतला?"

"तुमीच की."

मला वाटलं पोरं माझी थट्टा करतायत. मी वह्या मागितल्या. एकोणतीस वह्या, आणि सगळ्यांत टाकी काढलेली. खाली कोनमापक, दोरा, खडा. उदाहरण : अंतर चाळीस फूट, उंची चाळीस फूट... आणि ते खोडून पुढं साडेचव्वेचाळीस.

"हे का खोडलंय?"

"तुमी चुकला होता न्हवं," महादेवी जरा लाजत म्हणाली. "म्या म्हनलं, मॅडम, कोन आपल्या डोळ्यापासनं मोजला, मग जमिनीपासनं डोळ्यापतूरची साडेचार फूट कुटं गेली? तुमी हसला. म्हनला, माझी चूक, महादेवीसाठी टाळ्या."

मी बॅगेतून टाचण काढलं. चाळीस फूट, म्हणून उंची चाळीस फूट. डोळ्यापर्यंतची उंची मी खरंच विसरले होते. ती चूक माझ्या वहीत तशीच होती, कुणी न पाहिलेली. आणि दोन तासांच्या अंतरावरच्या गावात, माझ्या एका विद्यार्थिनीनं ती पकडलीही होती.

पहिल्यांदा भीती वाटायला हवी होती ना? मला आधी कौतुकच वाटलं. पोरीनं बरोबर पकडलं होतं! भीती नंतर आली, नोंदवही उघडल्यावर. प्रत्येक वर्गाची एक तासिका नोंदवही असते. तास झाला की मॉनिटर ती पुढं करतो आणि शिक्षक सही करतो. सोमवार ते शनिवार, गणिताच्या रकान्यात सहा सह्या. माझ्या. मी सहीखाली पेन दाबून टिंब देते, पान मागून फुगतं. मागून बोट फिरवलं. सहाही ठिकाणी फुगलेलं.

बाहेर आमचे शिपाई गफूरमामा घंटेजवळ बसले होते. त्यांना विचारलं.

"मॅडम, क्या बात करते? म्या सोता पानी दिलं की तुमाला, बुधवारी. गिलास रिकामा करून परत बी दिला." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुमी न्हवता व्हय?"

"मी लातूरला होते, मामा."

त्यांनी एकदा दहावीच्या खोलीकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग जे कोन होतं ते चांगलं होतं. पोरं बगा की, दंगा न्हाय, काय न्हाय."

हेडसरांपर्यंत गोष्ट मधल्या सुट्टीत पोचली. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं. माझ्या शिकवण्याचा आवाज त्यांनीही ऐकला होता, स्टेजमागून. "रोजचाच आवाज हाय, तुम्ही ब्रेकवर हाव हे ध्यानातच आलं न्हाय," असं म्हणून ते एकदम चिडले. "पण मॅडम, ब्रेकमध्ये येऊन सह्या करायच्या? ही वही उद्या कोर्टात गेली तर? सेवा अखंड हाय म्हणून तुम्ही कायमचा दावा लावायला मोकळ्या!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या सरांच्या मात्र पहिलं तेच आलं. मी लातूरला होते म्हणून सांगितलं, आईचं दवाखान्याचं कार्ड दाखवलं, रोजच्या तपासणीला नातेवाईक म्हणून त्यावर माझी सही होती. सरांनी कार्ड उलटून पाहिलं, मग त्यांना वाट सापडली. "तर मग लिहून द्या. वर्गमॉनिटरनं खोट्या सह्या केल्या, असं. तिच्यावर कारवाई करतो. मग उद्या अण्णा तुमची ऑर्डर करतील. न्हाईतर माझा नाइलाज हाय."

अण्णा म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. आडतीचे व्यापारी, माजी सरपंच, कमी बोलणारे.

त्या संध्याकाळी नवरा उलटंच म्हणाला. "अगं, आयती चालून आलीय! गेले होते म्हणून सांग. वही हाय, पोरं हायत, शिपाई हाय साक्षीला. कायम होशील!" तो वाईट माणूस नाही. अकरा ऑर्डरी त्यानंही माझ्याबरोबर काढल्यात. पण मी नव्हते तिथं. आणि दुसऱ्या बाजूला महादेवी, दहावीच्या वर्षात, खोट्या सह्या करणारी म्हणून. तिच्या घरी ती शिकलेली पहिली मुलगी आहे. तिचा बाप दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढून लग्न ठरवायला कमी करणार नाही, हे मला माहीत होतं.

मंगळवारी अण्णा आले. मी त्यांच्या हातात माझा लेखी खुलासा दिला. पाठ आहे मला :

'नोंदवहीतील सहा सह्या माझ्याच आहेत. त्या सहाही दिवशी मी लातूर येथे होते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता येत नाही. विद्यार्थ्यांनी कोणतीही लबाडी केलेली नाही. मी या नोंदीवरून कोणताही दावा करणार नाही.'

शेवटचं वाक्य लिहिताना जिवावर आलं होतं. पण लिहिलं.

अण्णांनी दोनदा वाचलं. हेडसर म्हणाले, "बघा अण्णा, असलं कुटं असतंय का?"

अण्णा म्हणाले, "मास्तर, माल आलाय का न्हाय ते आधी बगू. कुनी आनला ते मागनं."

आणि उठून थेट मैदानात गेले. दहावीला बाहेर बोलावलं. टाकीकडं बोट करून म्हणाले, "ही टाकी म्या सरपंच असताना बांधून घेतली. उंची मला ठाव हाय. तुमी सांगा."

मी एक शब्द बोलले नाही. बोलायचं नाही असं ठरवलंच होतं. कुणीतरी कंपास आणला, दोरा एका मुलीच्या रिबिनीचा काढला, खडा तर मैदानात पडलेलाच. महादेवी एक डोळा मिटून मागं मागं सरकत गेली. वाऱ्यानं दोरा हलत होता, पण ती थांबली, पुन्हा बघितलं, अजून एक पाऊल मागं. मग बाकीच्यांनी टेप धरला आणि ती मनातल्या मनात मोजत गेली. ओठ हलत होते तिचे... ओंदु, एरडु, मूरु. मोजणं तिचं अजून कानडीतच होतं.

"चोपन्न," ती म्हणाली. "आनि माझ्या डोळ्यापतूर साडेचार. साडेअठ्ठावन्न फूट, अण्णा."

अण्णांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. "एकोनसाठ हाय," ते म्हणाले. "अर्ध्या फुटानं काय व्हतंय, वारं लई हाय आज."

वर्गानं असा गिल्ला केला की पुढच्या इमारतीतले मास्तर बाहेर आले. मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. नऊ वर्षांत माझं शिकवणं कुणी असं मैदानात उभं करून मोजलं नव्हतं.

अण्णा जाताना हेडसरांना एवढंच म्हणाले, "ऑर्डर टाईप करा. परीक्षा हुईपतूर. मधी ब्रेक नगं." वहीबद्दल ते आजतागायत बोलले नाहीत. ती ऑफिसच्या कपाटात आहे. मी कायम झालेले नाही, होईन असंही नाही. पण त्या वर्गातलं एकही मूल गणितात नापास झालं नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते.

खूप जणांनी खूप शक्यता सुचवल्या. पोरांनी मिळून रचलं म्हणावं, तर माझी चूक त्यांना कुठून कळली? मीच झोपेत आले-गेले म्हणावं, तर लातूरहून? मला भास झाला म्हणावं, तर मी काही पाहिलंच नाही, पाहिलं ते बाकीच्यांनी. एकही सिद्धता शेवटपर्यंत जात नाही. मी करून पाहिल्यात, वही-पेन घेऊन.

परीक्षेनंतर महादेवी निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला शेवटी विचारलंच. त्या सहा दिवसांतली मॅडम आणि मी, काही वेगळं होतं का?

तिनं खूप विचार केला. "न्हाय, मॅडम. तुमीच होता. तसंच शिकवनं, तसंच खडू मोडून देनं." मग थांबली. "फकस्त तुमी घड्याळ बगत न्हवता. एकदा बी न्हाय. कुनी तुमाला हितनं उटवनार हाय, असं वाटतच न्हवतं तुमाला."

ती कोण होती मला माहीत नाही. आता मी वर्गात जाताना मनगटावरचं घड्याळ काढून स्टाफरूमच्या टेबलावर ठेवते, आणि मगच खडू उचलते.