अक्कांचं सोवळं आणि वेदिकेची खीर

माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, देवासात सत्तावन्न वर्षं सोवळ्यात स्वयंपाक करताहेत. भांड्याला कुणाचा हात लागू देत नाहीत आणि स्वतःचे हात मात्र साबणाने धूत नाहीत. साबणात चरबी असते म्हणे! फ्रिजही ओवळा, कारण नातसून शिवांगी त्यात अंडी ठेवते.

गेल्या चैत्री नवरात्रात तांदळाची खीर सकाळी सहालाच झाली. सोनकच्छहून यायच्या गुरुजींची बस चुकली. मी म्हटलं, "अक्का, उकाडा आहे. खीर फ्रिजमध्ये ठेवा."

"बी.एस्सी. झालीस म्हणून देवाला अंड्यांशेजारची खीर दाखवू?"

नैवेद्य तीनला झाला. ती खीर खाऊन संध्याकाळी शिवांगीची चार वर्षांची मुलगी वेदिका उलट्या करून निपचित पडली. दवाखान्यात डॉक्टर खेकसले, "इतनी गर्मी में खीर बाहर किसने रखी?" अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिची नजर लागली."

"नजर नाही, तुमचा हट्ट लागला," मी सगळ्यांदेखत सुनावलं. "पोरीचं काही झालं असतं तर?"

वेदिका तिसऱ्या दिवशी घरी आली. आश्विनातल्या नवरात्रात शिवांगीने बजावलं, "आजी, खीर ताजी नसेल तर वेदिका जेवणार नाही."

अक्कांनी गुरुजी दारात आल्यावरच दूध तापवलं. त्याआधी हात धुतले, रिठ्याच्या फेसाने, मनगटापर्यंत. रिठे मीच आणून ठेवले होते. वेदिकेने दोन वाट्या खीर खाल्ली. अक्का माझ्याशी अजून बोलत नाहीत. न का बोलेनात!