वाकडा गेलेला बोल्ट

गोव्यात मराठी की कोकणी असा राजभाषेचा वाद पेटला तेव्हा माझ्या नवऱ्याने घरात कोकणी बंद केली. पेडण्यात मराठीचे मास्तर ते. बायकोच कोकणीत बोलते म्हटल्यावर लोकांना तोंड कसं दाखवणार?

त्याच दिवसांत तापाने फणफणलेल्या मुलीला घेऊन आम्ही म्हापशाच्या इस्पितळात निघालो आणि धारगळच्या पुढे गाडी पंक्चर झाली. त्यांनी दुसरं चाक चढवलं. बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचा सोडून त्यांनी थेट पाना लावला. तो तिरका शिरताना मला दिसला.

"वाकडो गेला तो, भायर काडात!" मी ओरडले.

"मराठीत बोल," म्हणाले, आणि पान्यावर पाय देऊन उभे राहिले.

बोल्ट करकरला आणि अडकला. आत जाईना, बाहेर येईना. आटे खलास. दुसऱ्याचीही त्यांनी तीच गत केली. उरलेल्यांच्या भरवशावर गाडी हलवली, तर चाक डुगडुगायला लागलं. मांडीवर पोर डोळे फिरवत होती आणि मी नवऱ्याला तोंडाला येईल ते बोलत होते, सगळं कोकणीत.

गाडी थांबवावी लागली. मागून ट्रक आला. ते उतरून रस्त्यात आडवे उभे राहिले, पोरीसाठी हात जोडून घसा फोडून ओरडले, "माज्या चेडवाक वाचय रे!"

ट्रकवाल्याने आम्हाला इस्पितळात पोचवलं. संध्याकाळी ताप उतरला. पोरीने डोळे उघडले.

"बाबा, उदक."

ते पेला घेऊन वाकले. "पाणी म्हण," म्हणाले.

मी पेला त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.