खाटेच्या जागी स्पीकर

आबांच्या सलूनमध्ये केस कापायला जायचं, तर कुठलं गाणं चालू आहे ते आधी बाहेरून ऐकून घ्यावं लागे. कारण आबांची कात्री ठेक्यावर चालायची. गाणं संथ असलं की माणूस साहेब होऊन बाहेर पडायचा; उडत्या चालीचं लागलं की संपलंच, डोक्यावर नुसते कान उरायचे. एका नवरदेवाने तर हातच जोडले होते, "आबा, आज काहीतरी विरहाचं लावा हो!"

हा सगळा प्रताप दोन जुन्या स्पीकरांचा. कमरेएवढ्या उंच लाकडी पेट्या, पुढे जाळीचं कापड. म्हातारपणी आबांचे हात थरथरू लागले, सलून बंद झालं आणि स्पीकर घरी आले. घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. स्पीकर आत गेले तेव्हा आबा आणि त्यांची बायको दारातच उभे राहिले, कारण आत जागाच उरली नव्हती.

"या खोलीत एक तर खाट राहील, नाही तर ही दोन धूडं," बायको म्हणाली. "ती गातात की रडतात, मला काय कळतंय?" तिचे कान कधीच गेले होते. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून तिला फक्त स्वतःचं चावणं ऐकू यायचं. तिने ते काढून ठेवलं.

जावयाला कळवळा आला. त्याने पेरूएवढा नवा स्पीकर आणला. "आबा, आवाज तेवढाच आणि अडगळ नाही!"

"गोड वाजतो हो, खोटं कशाला बोलू?" आबा म्हणाले. "पण कात्रीला पटला पाहिजे." जुन्या स्पीकरांच्या तारा अजून जोडायच्याच होत्या, तेव्हा त्यांनी पेरू चालू केला आणि जावयालाच खुर्चीत बसवलं. ठेक्यावर हात थरथरायचा थांबला, कात्री झकास चालली. अर्धं डोकं झालं आणि त्या पेरूतून एक बाई बोलली, चार्जिंग संपत आलंय. गाणं बंद. कात्रीही बंद.

"आबा, पुढे?"

"पुढे काय? ठेकाच नाही!"

जावई टोपी मागून घेऊन घरी गेला.

आता मात्र बायको भडकली. "उद्या भंगारवाल्याला बोलावलंय. मी बाजारातून येईपर्यंत खोली मोकळी पाहिजे." आबांनी स्पीकरांवरून हात फिरवला. उभा जन्म ज्यांच्या तालावर काढला, ते तराजूत घालायचे?

भंगारवाला आला. आबांनी त्याला खाट देऊन टाकली.

मग स्पीकर आडवे केले, तारा जोडल्या, वर फळ्या टाकल्या, गादी पसरली. बायको आली आणि बघतच राहिली. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" पण पाय दुखत होते. बोलत बोलतच ती आडवी झाली. तिला काय ऐकू जातंय म्हणून आबांनी धीर यायला हळूच एक ढोलकीचं गाणं लावलं.

बायको ताडकन उठून बसली. "अहो, ढोलकी कोण वाजवतंय?"

 आबांनी बोटाने थरथरणाऱ्या गादीकडे दाखवलं. ती परत आडवी झाली, पाठ नीट टेकवली, तळवा फळीवर ठेवला. गाणं संपलं तरी डोळे मिटलेलेच. आबांनी डोळे पुसले आणि हळूच तिच्या शेजारी बसायला गेले.

"तुम्ही खाली झोपा," ती म्हणाली. "माझ्या ऐकण्यात अडथळा नको. आणि पुन्हा लावा बघू."