पऱ्हाटीच्या खुंटाची लचक

"तुला गं कशाला? तू खाली थांब, प्रसाद टाकते."

मालकीणबाई असं म्हणाल्या आणि कुंकवाचा करंडा माझ्यापुढून त्याच्यापुढे नेला. तो म्हणजे नाटक कंपनीत बाईचं काम करणारा पुरुष. खेळ नुकताच संपला होता. नऊवारी नेसून, नाकात नथ घालून तो खुर्चीवर बसला होता. बाईंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, तांदूळ-खोबऱ्यानं त्याची ओटी भरली. त्यानं लाजून पदर पसरला. पुरुषाची ओटी! आणि मी चार महिन्यांची पोटुशी, खरीखुरी सवाष्ण, दारात उभी. माझ्याकडे लांबूनच खोबऱ्याचा तुकडा आला. नेम चुकला, मातीत पडला.

मी तो उचलला, पुसला आणि खाल्ला. ते आजही बोचतं.

धुळ्यातलं नाटकगृह होतं ते. आधी जिनिंगवाल्या शेटजींचं, म्हणजे मालकीणबाईंच्या नवऱ्याचं, कापसाचं गोदाम. शेटजींना नाटकाचा नाद लागला तशा त्यांनी गाठी हलवल्या, फळ्यांचा मंच ठोकला, बायकांना बसायला एका बाजूला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडला. सरकीचा वास मात्र गेला नाही. मी महारवाड्यातून तिथलं अंगण आणि खालची जमीन झाडायला जायची. मंचाच्या पायरीला हात लावायचा नाही. खेळाआधी तिथं पूजा व्हायची, नारळ फुटायचा. आमच्या जातीनं चढायचं नाही, आणि बाईमाणसानं तर कुठल्याच जातीच्या चढायचं नाही. बाई लागली तर पुरुष होता ना.

त्या साली नव्या खेळात त्याला नदीवरून घागर आणणारी सासुरवाशीण करायची होती. चेहरा गोड, गळा गोड, पण चालायला लागला की गडी दिसायचा. मॅनेजर वैतागला होता. तेवढ्यात मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंगणातून चालले होते. मॅनेजरनंच हाक मारली.

"ए, थांब. तशीच परत चाल."

मग आठवडाभर रोज दुपारी मी खाली मातीत चालायची आणि तो नट वर फळ्यांवर माझ्यामागे चालायचा. मान कशी ताठ, कंबर कशी, हात घागरीला कसा. सगळं बघून घ्यायचा. माझ्याशी बोलायचा गोड. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर बरं झालं असतं.

आता गंमत ऐका. त्या दिवसांत माझ्या डाव्या टाचेत पऱ्हाटीचा खुंट घुसलेला होता. कापूस निघाला की शेतात पऱ्हाट्या, कापसाची वाळली झाडं, उपटायला जायचो, अनवाणी. खुंट आतच मोडला, टाच सुजली. म्हणून मी डावा पाय जरा दाबून टाकायची आणि कंबर त्या बाजूला लचकायची. त्यानं तेही उचललं. त्याला वाटलं, बाईमाणसाची चाल अशीच असते.

त्याची ओटी भरली त्या दिवशी बायकांसाठी दुपारचा खेळ होता. मी दाराच्या फटीतून बघत होते. तो घागर घेऊन आला, डावा पाय दाबून, लचकत. चिकाच्या पडद्यामागून "अगं बाई" निघालं. टाळ्यांवर टाळ्या. मालकीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. माझं दुखणं होतं ते. मी जन्मभर रस्त्यानं चालले, कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आणि मग खेळ संपल्यावर ते हळदीकुंकू.

पुढं महिनाभर पेठेतल्या सुना-लेकी डावा पाय दाबून चालायला लागल्या. मोठ्या घरची ऐट झाली ती. स्वतः मालकीणबाई देवळात जाताना लचकायच्या.

हे मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय. चौथीत आहे. ती मघाशी थांबली.

"आजी, तू जळत व्हती असं लिखू का?"

"लिख."

जळत होते. खोटं कशाला बोलू? त्याच्या नथीवर नाही, लुगड्यावर नाही. माझ्याच बाईपणाचा मान एक पुरुष घेऊन गेला, आणि बाईच्या वाट्याला मातीतलं खोबरं. घरात भाकरी थापताना मी हात आपटायची. नवरा म्हणायचा, हिला काय झालं.

पुढच्या साली कंपनी परत आली. मॅनेजरनं बोलावणं धाडलं. मी गेले. चालून दाखवलं. खुंट केव्हाच निघाला होता, टाच भरली होती. मी सरळ चालले. मॅनेजरनं तोंड वाकडं केलं.

"अशी नको. मागच्यासारखी चाल. ती लचक हवी."

"तो पऱ्हाटीना खुंट व्हता, साहेब. निंघी गया."

"मग लंगडून दाखव. तुला काय जातं?"

तुला काय जातं. माझं दुखणं मीच खोटं करून दाखवायचं, म्हणजे वरच्याची ओटी भरेल. मी मातीत बसले, मांडी घालून. तो मंचावर घागर घेऊन माझ्या उठण्याची वाट बघत उभा.

"मी नही चालनार. ती चाल मनी शे." माझी आहे ती, मी सांगितलं.

मॅनेजरनं हाकललं. खेळ झालाच. लचक त्याला पाठ होती, टाळ्याही पडल्या. माझ्या नकारानं जगाचं काही अडलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून झोप बरी लागू लागली.

पुढं त्या फळ्यांवर पांढरा पडदा टांगला. मुकी चित्रं हलायची. मग बोलपट आला, पडद्यावर खऱ्या बायका गायला लागल्या. मला वाटलं, चला, बाई तर चढली. पण त्यांच्यावरही जळले मी. त्या आमच्यातल्या कुठं होत्या? कंपन्या बुडाल्या, तोही कुठं पारोळ्याकडे गेला म्हणे. मी पुन्हा अंगण झाडायला लागले होते, पोट ऐकत नाही. मग लढाई आली. नाटकगृहात सरकारी धान्याची पोती रचली, पार मंचावर. उंदीर झाले, ज्वारी सांडली. तेव्हा शेटजींचा मुनीम म्हणाला, "ये गं वर, झाड इथं."

तिथं मान होता तोवर मी बाटवणारी. तिथं उंदरांच्या लेंड्या पडल्या तेव्हा वर ये.

अशी मी पहिल्यांदा त्या फळ्यांवर चढले. हातात झाडू.

यंदा इंग्रज गेले, स्वराज्याच्या झेंड्याचा दिवस आला. पोती हलवली, मंच धुतला. मी झाडलेल्या फळ्यांवर गोमूत्र शिंपडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. दारात बायकांचं हळदीकुंकू. मालकीणबाई आता म्हाताऱ्या झाल्यात. करंडा घेऊन माझ्याकडे आल्या, आणि देवाशपथ, अजून डावा पाय दाबून चालतात.

"ये गं. आज सगळ्यांना लावायचंय."

बोट माझ्या कपाळापर्यंत आलं. तीस वर्षं ज्यासाठी जळले ते एवढ्या जवळ. मी एक पाऊल मागं सरले.

"मना कपायले कुंकू शे, अक्का. माले वर जानं शे. झाडू खाले ठेईसन." कुंकू माझ्या कपाळाला होतंच, मला झाडू खाली ठेवून मंचावर जायचं होतं.

मुनीम पुढं झाला. "आता पूजा झाली आहे. आज नको, मग बघू."

मी झाडू पायरीवर ठेवला आणि घरी आले. त्यानंतर झाडायला गेले नाही. शेतात जाते, पऱ्हाट्या उपटते, पुन्हा खुंट घुसेल तर घुसो. पण त्या पायरीवर मी परत जाणार आहे, नातीला घेऊन, भर दिवसा, लोक बसलेले असताना. चढेन आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालेन. लंगडणार नाही. ज्यांना नक्कल करायची त्यांनी त्या चालीची करावी.