गोळीनं की ताकानं?

बोगादीच्या लॅबबाहेर मी उपाशीपोटी, रक्ततपासणीच्या धास्तीनं बसलो होतो. तेवढ्यात गळ्यात टेप अडकवलेले एक म्हातारे कानडी टेलर रिपोर्ट फडकावत चक्क नाचत बाहेर आले.

"कोलेस्टेरॉल उतरलं, नोडी, बघा!"

"कशानं?" मी विचारलं.

"डॉक्टरांची गोळी आणि बायकोनं आणलेलं प्रोबायोटिक ताक, दोन्ही रोज घेतो. डॉक्टरांना सांगतो गोळीनं उतरलं, बायकोला सांगतो मज्जिगेनं. दोघंही खूश! आपण कुणाचं मन मोडत नाही."

आनंदाच्या भरात त्यांनी आधी वॉचमनची कंबर मोजली, मग माझी. "छत्तीस फक्त, सार! तुम्हाला कसली काळजी?"

धास्ती पळाली. रक्त देऊन मी तरंगतच घरी आलो आणि बायकोसमोर ऐटीत कमरेला टेप लावला.

चाळीस भरली. हसता हसता खाली बसलो. माझंही मन त्यांनी मोडलं नव्हतं.